१४ ऑक्टोबर आणि विहारातले पाच संगणक

१४ ऑक्टोबर ही तारीख आपल्यापैकी कुणाला समजावून सांगावी लागत नाही. १९५६ साली याच दिवशी बाबासाहेबांनी नागपुरात लाखो अनुयायांसह बुद्धाच्या धम्माचा स्वीकार केला. जन्माने गळ्यात पडलेले नाकारायचे आणि विचार करून आपला मार्ग निवडायचा, हे त्या दिवसाने आपल्याला शिकवले. २०२५च्या १४ ऑक्टोबरला आमच्या रोहिणखेडच्या विहारात नेहमीप्रमाणे वंदना झाली, खीर वाटली. दुपारी अभ्यासिकेतला एक मुलगा माझ्याकडे आला आणि म्हणाला, "दादा, आजपासून आपले कॉम्प्युटर कामाचे नाई राहिले म्हणते. खरं हाय काय?"

अर्धे खरे होते. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या आपल्या ऑपरेटिंग सिस्टिमची नेहमीची देखभाल थांबवली. संगणक चालूच राहणार होते, पण सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या येणार नव्हत्या. काही अटींवर आणखी एक वर्ष त्या घेण्याची सोय कंपनीने ठेवली होती. त्यानंतर काय, तर विंडोज ११. आणि विंडोज ११ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि अलीकडचा प्रोसेसर लागतो. आमच्या अभ्यासिकेतल्या पाचपैकी एकाही संगणकात ते नाही.

हे पाच संगणक पुण्यातल्या एका कचेरीने काढून टाकलेले. आमच्याच एका नातेवाईकाने ते बोलून-सांगून मिळवले आणि मलकापूरपर्यंत रेल्वेने आणले. त्यांच्यावर गावातली पोरे-पोरी पोलीस भरतीचे, तलाठी परीक्षेचे अर्ज भरतात, टायपिंगचा सराव करतात, जुन्या प्रश्नपत्रिका सोडवतात. यंत्रे धडधाकट आहेत. पण दूर कुठेतरी एका कंपनीने ठरवले आणि ती एका दिवसात 'जुनी' झाली. नवीन पाच घ्यायचे तर दीड-दोन लाख रुपये. आमच्या विहाराची वर्षाची वर्गणी त्याच्या आसपासही जात नाही.

रोहिणखेड हे मोताळा तालुक्यातले, घाटाच्या पायथ्याचे गाव. जुन्या गॅझेटियरमध्ये आमची नोंद दोन लढायांसाठी आहे. एक १४३७ची, दुसरी १५९०ची. बहमनी, खानदेशी, निजामशाही फौजा इथे लढल्या. कोण जिंकले, कोण हरले ते लिहून ठेवलेले आहे. गावातल्या माणसांना कुणी काही विचारले, असे कुठेही लिहिलेले नाही. त्या दिवशी संगणकांकडे पाहताना मला हेच आठवले आणि मी चिडलो.

चिडलेल्या माणसाने करू नये ते मी केले. त्याच आठवड्यात एका रात्री बसून पाचही संगणकांवरचे विंडोज काढले आणि लिनक्स मिंट टाकले. पोरांच्या फायली आधी पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्या होत्या. जुन्या यंत्रावर लिनक्स सुरळीत चालले, पैसा लागला नाही. पहाटे घरी गेलो तेव्हा मोठी क्रांती करून आल्यासारखे वाटत होते.

सकाळी क्रांतीचे स्वागत झाले ते असे. एकाला 'वर्ड' सापडेना. एकाला वाटले व्हायरस आला. आणि जिची मराठी टायपिंगची परीक्षा तोंडावर होती, ती मुलगी गप्प बसून होती, कारण तिचा सरावाचा प्रोग्रॅम फक्त विंडोजवर चालणारा होता. मी समजावू लागलो : मक्तेदारी, भांडवलशाही, स्वातंत्र्य. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "दादा, त्या कंपनीनं तुमाले इचारलं नाई म्हणून तुमाले राग आला. मंग तुमी आमाले इचारलं काय?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. हा लेख त्या प्रश्नातून निघाला आहे.

पुढच्या रविवारी वंदनेनंतर आम्ही सगळे बसलो. पोरे-पोरी, दोन-तीन जुने कार्यकर्ते, महिला मंडळाच्या बाया. जे आक्षेप आले ते एकेक करून मांडतो, कारण तुमच्या गावातही हेच येतील.

पहिला आक्षेप : "विंडोज तसंबी फुकटच भेटते. पेनड्राइव्हवरून टाकून घेऊ. काहून डोक्याले ताप?" खरे सांगायचे तर पाचपैकी फक्त दोन संगणकांवर परवान्याचे विंडोज होते. उरलेल्या तिघांवर चोरीची प्रत होती, आणि ती आमच्यापैकीच एकाने टाकली होती. यावर आमच्यातले एक म्हातारे बाबा एवढेच म्हणाले, "आत्ता पंचशील म्हटलं. दुसरं शील काय हाय?" सगळे गप्प झाले. 'अदिन्नादाना' म्हणजे जे दिलेले नाही ते न घेणे. रोज विहारात ते म्हणायचे आणि शेजारच्या खोलीत चोरीची प्रत चालवायची, हे आमच्या कधी लक्षातच आले नव्हते.

शिलाचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवला तरी व्यवहारातही हा सौदा आपल्या तोट्याचा आहे. १९९८ साली बिल गेट्स यांनी अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांसमोर उघड सांगितले होते की चीनमध्ये लोक सॉफ्टवेअरचे पैसे देत नाहीत, पण चोरणारच असतील तर आमचेच चोरावे, त्यांना त्याची सवय लागेल आणि पुढे वसुलीचा मार्ग निघेल. म्हणजे चोरीच्या प्रतीनेही कंपनीचेच साम्राज्य वाढते. चोरून प्यालेल्या पाण्याने तहान भागते, पण पाणवठ्यावर हक्क सिद्ध होत नाही. महाडला लोक रात्री लपून पाणी आणायला गेले नव्हते.

दुसरा आक्षेप सगळ्यात जड होता : "नोकरीत विंडोजच लागते." हे खोटे नाही. आपल्या राज्यात सरकारी नोकरीच्या कितीतरी जाहिरातींत 'एमएस-सीआयटी किंवा समकक्ष' अशी अट असते. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा हा अभ्यासक्रम सुरू झाला आणि खेड्यापाड्यांतल्या लाखो मुलामुलींनी पहिल्यांदा माऊस हातात धरला तो त्याच्याचमुळे. त्याचे श्रेय द्यायलाच हवे. पण एक गंमत पाहा. त्या बैठकीत मी विचारले, एमएस म्हणजे काय? दहापैकी आठ जण म्हणाले, मायक्रोसॉफ्ट. प्रत्यक्षात एमएस म्हणजे 'महाराष्ट्र स्टेट'. राज्याच्या नावाच्या जागी पोरांच्या मनात कंपनीचे नाव जाऊन बसले आहे. कारण धडे मुख्यत्वे विंडोज आणि एमएस ऑफिसचेच. 'संगणक येतो' याचा अर्थ 'या एका कंपनीचा माल वापरता येतो' असा झाला आणि कुणालाही त्यात काही वावगे वाटले नाही.

ही सवय आपोआप लागलेली नाही. मायक्रोसॉफ्ट एकेकाळी संगणक बनवणाऱ्या कंपन्यांशी असे करार करत होती की विकलेल्या प्रत्येक यंत्रामागे तिला पैसे मिळावेत, मग त्या यंत्रात तिची सिस्टिम असो वा नसो. १९९४ साली अमेरिकेच्या न्याय खात्याशी झालेल्या तडजोडीत ही पद्धत बंद करावी लागली. १९९८ला पुन्हा खटला झाला आणि कंपनीने बेकायदा मार्गाने मक्तेदारी टिकवली, हा निष्कर्ष २००१ साली अपील न्यायालयातही कायम राहिला. २००४ साली युरोपीय आयोगाने ४९.७ कोटी युरोचा दंड केला. बाजारात जे सगळीकडे दिसते ते केवळ गुणवत्तेने वर आले, असे आपल्याला सांगतात. 'मेरिट'ची ही गोष्ट आपण दुसऱ्या संदर्भात पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. तिच्यावर विश्वास ठेवण्याआधी हिशेब तपासायची सवय आपल्याला असायला हवी.

१९४७ साली प्रसिद्ध झालेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये बाबासाहेबांनी हेच बजावले आहे. राज्याच्या नियंत्रणापासून सुटका म्हणजे स्वातंत्र्य, असे मानणाऱ्यांना त्यांनी विचारले की मग हे स्वातंत्र्य मिळते कुणाला? जमीनदाराला आणि मालकाला. सामान्य माणसावर सत्ता चालतेच, फक्त ती खाजगी मालकाची असते. आज अर्ज, निकाल, सातबारा, शिष्यवृत्ती, बँक सगळे संगणकावर आले आहे. त्या संगणकाचा कारभार कुणाच्या हाती, हा प्रश्न म्हणूनच राजकीय आहे.

तिसरा आक्षेप थोडा लाजत आला : "लिनक्स म्हणजे गरिबाचं सॉफ्टवेअर. लोक हसतीन." रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली मुक्त सॉफ्टवेअरचे काम जाहीर केले आणि १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला. आज जगातले बहुतेक सर्व्हर आणि महासंगणक त्याच गाभ्यावर चालतात. आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या तळाशीही लिनक्सच आहे. आपल्या संरक्षण मंत्रालयाने २०२३ साली विंडोजच्या जागी उबुंटूवर आधारलेली 'माया' ही सिस्टिम आणायचे ठरवले, ते सुरक्षेसाठी. सी-डॅकने 'बॉस' नावाची लिनक्स सिस्टिम भारतीय भाषांसाठी तयार केली, तिच्यात मराठी आहे. देशाच्या संरक्षण खात्याला जे चालते त्याला रोहिणखेडच्या अभ्यासिकेत कुणी हसायचे कारण नाही.

आणि केरळ पाहा. तिथल्या सरकारी शाळांत संगणक शिक्षण आले तेव्हा शिक्षक संघटना आणि कार्यकर्त्यांनी एकाच कंपनीवर बेतलेल्या अभ्यासक्रमाचा प्रश्न लावून धरला. काही वर्षांतच शाळा मुक्त सॉफ्टवेअरवर आल्या, शिक्षकांना प्रशिक्षण मिळाले, मल्याळममध्ये साधने तयार झाली. तिथली मुले पुढे विंडोजच्या नोकऱ्यांत मागे पडलेली नाहीत. ज्याला दोन सिस्टिमी येतात त्याला तिसरी जड जात नाही. ज्याला फक्त बटणाची जागा पाठ आहे त्याला मात्र नवी आवृत्ती आली तरी घाम फुटतो.

चौथा आक्षेप एका जुन्या कार्यकर्त्याचा होता आणि त्याने मी सर्वात जास्त अस्वस्थ झालो. ते म्हणाले, "गायरानाचा प्रश्न तसाच पडला हाय, पोराईची शिष्यवृत्ती अडकली हाय, ॲट्रॉसिटीच्या केसमध्ये साक्षीदार फुटतात. आन् तू ऑपरेटिंग सिस्टिम घेऊन बसला."

मी त्यांना आमचीच एक गोष्ट आठवून दिली. २००५च्या सुमारास आम्ही काही तरुणांनी गावातल्या आणि आसपासच्या ज्येष्ठांच्या आठवणी लिहून घेतल्या होत्या. १९५६ला नागपूरला गेलेली माणसे तेव्हा हयात होती. एका दुकानात ते सगळे टाइप करून घेतले, थोड्या प्रती काढल्या. प्रती हातोहात गेल्या, काही वाळवीने खाल्ल्या. सीडी मात्र जपून ठेवली होती. चौदा वर्षांनी ती उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरे, कंस आणि टिंबे. तेव्हाच्या मराठी फॉन्टांची रीतच तशी होती. आत साठवलेली अक्षरे रोमन, त्यावर मराठीचा नुसता मुखवटा, आणि तो मुखवटा एका विशिष्ट फॉन्टच्या मालकीचा. दुकान बंद, फॉन्ट गायब, मजकूर मुका.

इथे प्रामाणिकपणे सांगतो, यात विंडोजचा दोष नाही. युनिकोडमधली देवनागरी विंडोज २०००पासून त्यात आहे. दोष आमचा आणि त्या काळच्या बंदिस्त रीतीचा. नंतर खटपट करून बराच मजकूर युनिकोडमध्ये आणला, पण रफार आणि जोडाक्षरे विस्कटली. एका आजींनी नागपूरच्या वाटेवर मुक्काम केलेल्या गावाचे नाव सांगितले होते. ते आता नीट लागत नाही. आजी राहिल्या नाहीत. विचारायचे कुणाला?

बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' काढले तेव्हा 'केसरी'ने त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापली नव्हती. पुढे 'बहिष्कृत भारत', 'जनता', 'प्रबुद्ध भारत' आले आणि स्वतःचा छापखानाही उभा राहिला. दुसऱ्याच्या यंत्रावर आपला शब्द किती दिवस सुरक्षित राहील, याचा त्यांना अनुभव होता. गायरानाची कागदपत्रे, केसच्या नोंदी, आजीची आठवण हे सगळे आता फायलींत आहे. त्या फायलीची किल्ली आपल्याकडे नसेल तर गायरानाच्या लढ्यातही आपण हात बांधून उतरतो. ते कार्यकर्ते काही बोलले नाहीत. मात्र पुढच्या रविवारी गायरानाची जुनी फाइल घेऊन आले आणि म्हणाले, "हे बी स्कॅन करून ठेव."

मुक्त सॉफ्टवेअरचा अर्थ फुकट असा नाही. ते वापरता येते, आत कसे चालते ते तपासून बदलता येते, दुसऱ्याला देता येते आणि सुधारलेली प्रतही वाटता येते, अशी ही चार स्वातंत्र्ये. आपण धम्मवंदनेत 'एहिपस्सिको' म्हणतो. ये आणि स्वतः पाहा, असा त्याचा अर्थ. डोळे झाकून मानू नका, तपासून घ्या, ही परंपरा आपली आहे. ज्याच्या आत डोकावायला मनाई आहे त्यापेक्षा जे उघडून पाहता येते ते आपल्या स्वभावाला जवळचे असायला हवे.

पण याचा भाबडा उदोउदो मला करायचा नाही. अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचा असूनही त्यावर गूगलची पकड आहे, आणि त्याच बाबतीत भारतीय स्पर्धा आयोगाने २०२२ साली गूगलला १,३३७ कोटींवर दंड केला. नाव मुक्त असले म्हणजे सत्ता वाटली जाते असे नाही. मुक्त सॉफ्टवेअरच्या जगातही इंग्रजी, इंटरनेट आणि फुरसत ज्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे तेच पुढे दिसतात. आपल्या घरातली मुले तिथे फक्त वापरणारी राहिली तर मालक बदलेल, आपली जागा तीच राहील. म्हणून वापरण्याबरोबर शिकायला हवे, भाषांतरात, चुका कळवण्यात, पुढे प्रोग्रॅम लिहिण्यात आपली माणसे हवीत. मराठीतले मेन्यू, मराठीचे मुक्त फॉन्ट हे कुणीतरी बसून केले म्हणून आज मिळतात. त्या कामाला पदवी लागत नाही, चिकाटी लागते.

आमच्या बैठकीत शेवटी ठरले ते असे. परवाना असलेले दोन संगणक पुन्हा विंडोजवर, ते इंटरनेटला न जोडता फक्त टायपिंग आणि परीक्षेच्या सरावासाठी. चोरीच्या प्रती होत्या ते तीन लिनक्सवर, अर्ज भरणे, वाचन, लेखन यांसाठी. लिब्रेऑफिसमध्ये लिहायचे, मराठी युनिकोडमध्येच टाइप करायचे, इन्स्क्रिप्ट शिकायचे. हा कळफलक दोन्हीकडे असतो, त्यामुळे एकदा हात बसला की कोणतीही सिस्टिम चालते. माझ्या मनासारखे सगळे झाले नाही. पण त्यांनी विचार करून निवडले, हे माझ्या त्या रात्रीच्या क्रांतीपेक्षा मोठे आहे.

अडचणी आहेत. आमच्या जुन्या प्रिंटरने लिनक्सशी आठवडाभर वैर धरले होते. बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्राचे काम आम्हाला लिनक्सवर जमले नाही, त्यासाठी बाहेरच्या केंद्रातच जावे लागते. एका कचेरीत आम्ही दिलेली फाइल 'आमच्याकडे उघडत नाही' म्हणून परत आली. ती लिब्रेऑफिसच्या ओडीएफ स्वरूपात होती, आणि ओडीएफ हे २००६ सालापासून आंतरराष्ट्रीय मानक आहे.

इथे महाडची आठवण पुन्हा येते. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असा बोले यांचा ठराव १९२३ साली कायदेमंडळात मंजूर झाला. महाड नगरपालिकेने १९२४ साली आपले तळे खुले असल्याचे जाहीरही केले. तरी २० मार्च १९२७पर्यंत आपल्या माणसाला तिथे ओंजळ भरता आली नाही. केंद्र सरकारनेही २०१५ साली मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण काढले. ते वापरायचे नसेल तर कारण द्यावे, असे त्यात आहे. पाणी आणि सॉफ्टवेअर एका तराजूत तोलायचा अपराध मी करणार नाही. त्या ओंजळीमागे माणूसपणाचा लढा होता. पण कागदावरचा हक्क लोकांनी बजावल्याशिवाय प्रत्यक्षात येत नाही, हा धडा दोन्हीकडे लागू आहे.

म्हणून मागण्या मांडू या. नोकरीसाठी सक्तीच्या संगणक अभ्यासक्रमात किमान दोन ऑपरेटिंग सिस्टिमी शिकवाव्यात. टायपिंगच्या परीक्षा आणि सराव कोणत्याही एका सिस्टिमवर अडून नसावेत. सरकारी कचेऱ्यांनी खुल्या स्वरूपातल्या फायली नाकारू नयेत. आणि आपल्या घरची कामे आपणच करू या. जयंतीच्या स्मरणिका, ज्येष्ठांच्या मुलाखती, केसची कागदपत्रे युनिकोडमध्ये आणि खुल्या स्वरूपात ठेवू, दोन-तीन ठिकाणी प्रती ठेवू. ज्या अभ्यासिकेत विंडोज १०चे जुने संगणक 'भंगार' म्हणून झाकून ठेवले असतील तिथे एक पेनड्राइव्ह घेऊन जा. काही न पुसता त्यावरून लिनक्स चालवून पाहता येते. पण पुसण्याआधी तिथल्या मुलांना विचारा.

त्या मुलीची टायपिंगची परीक्षा झाली. निकाल यायचा आहे. सध्या ती संध्याकाळी लिनक्सवाल्या संगणकावर बसून आजीच्या मुलाखतीतली विस्कटलेली जोडाक्षरे एकेक करून नीट करते आहे. त्या गावाचे नाव अजून लागलेले नाही. वाशीम, अमरावतीकडच्या वाटेवरची नावे ती पडताळून पाहते आहे. तुमच्याकडे कुणी १९५६ला बुलढाण्याकडून नागपूरला गेलेले असेल, किंवा त्यांच्या घरात ती आठवण असेल, तर आजच लिहून घ्या. आणि उद्या उघडता येईल अशाच रीतीने लिहून घ्या.

जयभीम.